वाहन-प्रश्नोत्तरे : नवा टायर घेण्याआधी जुना टायर नीट पाहा

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत टायरविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी सेडान गाड्यांविषयीची काही पत्रे निवडली आहेत. त्यांतल्या बऱ्याच वाचकांनी दोष टायरचाच आहे असे आधीच ठरवून टाकले आहे. काही ठिकाणी ते खरे आहे, काही ठिकाणी मात्र टायर बिचारा दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगतो आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०१८ सालची सियाझ असून तिला १८५/६५ आर १५ मापाचे टायर आहेत. गाडी ५८,००० किलोमीटर चालली आहे आणि टायर अजून मूळचेच आहेत. रोजची धाव शहरातच असते, पण महिन्यातून एकदा समृद्धी महामार्गाने नागपूरला जावे लागते. दुकानदार म्हणतात की १९५/६५ मापाचे टायर टाका, पकड वाढेल आणि गाडी उंच झाल्यामुळे गतिरोधकावर घासणार नाही. माप बदलावे का, आणि कोणत्या कंपनीचे टायर घ्यावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आपले टायर वयानेच बाद झालेले आहेत, तेव्हा ते बदलायचे यात शंका नाही. परंतु दुकानात गाडी उचलली जाईल तेव्हा जुन्या टायरवरून एकदा हात फिरवून पाहा. चप्पल कोणत्या बाजूने झिजली आहे यावरून माणसाच्या चालीची ढब कळते, तसेच हे आहे. टायरच्या दोन्ही कडा झिजून मधला भाग शाबूत असेल तर हवा सतत कमी राहिली आहे. मधला पट्टा झिजला असेल तर ती जास्त भरली गेली आहे. फक्त आतली कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी बिघडलेली आहे किंवा लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश म्हणजे रबरी सांधे सैल झाले आहेत. नक्षीचे ठोकळे एका दिशेने हात फिरवताना गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत असतील तर चाकांचा ‘टो’, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, चुकलेला आहे. टायरवर ठरावीक अंतराने खोलगट वाट्या पडल्या असतील तर शॉकअप थकले आहेत. यांपैकी जे दिसेल त्याची दुरुस्ती आधी करावी. नाहीतर नवे टायरही वर्षभरात त्याच वाटेने जातील.

आता मापाविषयी. १८५/६५ आर १५ याचा अर्थ टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंचाचे. या हिशेबाने साइडवॉल सुमारे १२० मिलिमीटर आणि चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो. १९५/६५ घेतल्यास व्यास सुमारे ६३४ होतो. व्यासातली वाढ १३ मिलिमीटर. पण चाकाचा आस जमिनीपासून जितका वर जातो तितकीच गाडी उचलली जाते, म्हणजे त्याच्या निम्मी, साडेसहा मिलिमीटर. ज्या गतिरोधकावर आज गाडीचे पोट घासते, तो करंगळीच्या जाडीइतक्याही नसलेल्या या उंचीने पार होणार नाही. उलट चाक मोठे झाल्यामुळे काटा १०० दाखवत असताना गाडी पूर्वीपेक्षा २ टक्के जास्त वेगाने जाईल, चाक फिरवायला इंजिनाला थोडे अधिक कष्ट पडतील आणि इंधनही किंचित जास्त लागेल. २ टक्क्यांचा फरक गाडीला सोसतो, त्यामुळे यात धोका आहे असे मी म्हणणार नाही. फक्त ज्या लाभासाठी आपण पैसे मोजणार आहात तो लाभ त्यात नाही. माझे मत विचाराल तर मूळ मापच ठेवावे.

मापापुढे ८८ एच किंवा ८८ एस असे काहीतरी छापलेले असते, तिकडे मात्र अवश्य लक्ष द्यावे. ८८ हा भारांक आहे आणि त्याचा अर्थ प्रत्येक टायर ५६० किलो भार पेलू शकतो असा होतो. अक्षर वेगाची मर्यादा सांगते : एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९० आणि एच म्हणजे २१० किलोमीटर. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा असताना २१० चा टायर कशाला, असा प्रश्न पडेल. पण वरच्या श्रेणीचा टायर तापमान अधिक सोसू शकतो, म्हणून मूळ टायरवर जे अक्षर आहे त्याच्या खाली जाऊ नये. भारांकही कमी करू नये.

कंपनीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन, योकोहामा, गुडइयर हे सगळेच या मापाचे टायर देतात, आणि एकाच कंपनीचा एक टायर कडक, दीर्घायुषी पण आवाज करणारा, तर दुसरा मऊ, शांत पण लवकर झिजणारा असू शकतो. त्यामुळे दुकानात कंपनीऐवजी जातीविषयी विचारावे. साइडवॉलवर ‘ट्रेडवेअर’ या शब्दापुढे जो आकडा असतो तो जितका मोठा तितका टायर जास्त टिकेल असा अंदाज बांधता येतो. मात्र तो ज्या त्या कंपनीने स्वतःच्या चाचणीवरून दिलेला असतो, म्हणून तुलना एकाच कंपनीच्या दोन टायरांपुरतीच करावी. आपली धाव बहुतांश शहरातली आणि अधूनमधून सिमेंटच्या लांब रस्त्यावरची आहे. तिला मध्यम मऊ, आवाज कमी करणारा आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला टायर मानवेल, मग तो पाच-दहा हजार किलोमीटर कमी चालला तरी चालेल. आयएसआय चिन्ह नसलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

बिल करण्याआधी निर्मितीची तारीख स्वतः वाचावी. साइडवॉलवर चार आकडे असतात. ‘०९२५’ असे असेल तर तो टायर २०२५ सालच्या नवव्या आठवड्यात तयार झाला आहे. सहा महिन्यांपर्यंतचा टायर निःशंकपणे घ्यावा, वर्षाहून जुना असेल तर दुसरा मागावा. चारही टायरांवरची तारीख पाहावी, कारण तीन ताजे आणि एक शिळा अशी भाजीवाल्याची युक्ती याही धंद्यात चालते.

समृद्धीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा टायर फुटू नये म्हणून हवा चार-पाच पीएसआय कमी ठेवावी असा सल्ला अनुभवी म्हणवणारे चालकही देतात. हा सल्ला नेमका उलटा आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते, त्या सततच्या वाकण्यातून उष्णता तयार होते आणि ताशी १२० च्या वेगाने तास-दोन तास न थांबता धावताना ती आतल्या थरांना सुटे करते. टायर फुटण्यामागे बहुधा हेच कारण असते. हवेचे तापमान १० अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. म्हणजे सकाळी ३२ भरलेली हवा महामार्गावर ३६-३७ दाखवेल. ही वाढ टायर बनवताना हिशेबात धरलेली असते. वाटेत ती ‘जास्त झाली’ म्हणून सोडू नये. हवा गार टायरमध्ये, चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील तक्त्याप्रमाणे भरावी. पाच माणसे आणि भरलेली डिकी असेल तर त्याच तक्त्यातला पूर्ण भाराचा आकडा पाळावा. टायरवर छापलेला ४४ किंवा ५१ पीएसआय हा आकडा कमाल मर्यादेचा आहे, भरण्याचा नव्हे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी गाडीचे १८५/६५ टायरचे १५ इंची रिम काढून १६ इंची अलॉय आणि १९५/५५ चे टायर बसवले. गाडी दिसते छान, पण तेव्हापासून रस्त्यावरचा प्रत्येक सांधा कमरेत जाणवतो. आईला तर गाडीत बसणे नकोसे झाले आहे. गॅरेजवाले चारही शॉकअप बदलायला सांगत आहेत. बदलावेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातच अर्धे उत्तर आहे. १८५/६५ आर १५ ची साइडवॉल १२० मिलिमीटरची होती, १९५/५५ आर १६ ची १०७ मिलिमीटरची आहे. चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहिला, पण रिम आणि रस्ता यांच्यामधली रबराची आणि हवेची गादी १३ मिलिमीटरने पातळ झाली. लहान, तुटक हादरे शॉकअपपर्यंत पोहोचण्याआधी हीच गादी गिळत असते. यात आणखी एक शक्यता मिसळलेली असते : पंपावर हवा भरणारा मुलगा गाडी कोणतीही असो, ३५ किंवा ३८ भरून मोकळा होतो. म्हणून पहिले काम म्हणजे स्वतःचे हवा मोजण्याचे मीटर घ्यावे, सकाळी गाडी हलवण्याआधी दाब पाहावा आणि तो तक्त्याप्रमाणे करून आठवडाभर गाडी चालवावी. एवढ्याने त्रास निम्मा झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

शॉकअपचा दोष कसा ओळखावा हे सांगतो, म्हणजे गॅरेजमध्ये आपल्याला दोन प्रश्न विचारता येतील. शॉकअप थकला की गाडी कडक होत नाही, उलट सैल होते. गतिरोधक ओलांडल्यावर ती एकदा बसून स्थिर होण्याऐवजी दोन-तीनदा झुलते, वळणावर अंग टाकते, ब्रेक दाबला की नाक खाली घालते. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसतो. आपल्या पत्रात यांपैकी एकही लक्षण नाही. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून खडखड ऐकू येत असेल तर आधी लिंक रॉड (चाकाच्या जोडणीतला छोटा दांडा) आणि बुश तपासावेत. त्यांचा खर्च चार शॉकअपच्या मानाने किरकोळ असतो. स्टिअरिंग जागेवर फिरवताना कट्ट असा आवाज येत असेल तर स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या जोडीच्या) वरच्या माउंटिंगकडे पाहावे.

वेग वाढेल तशी वाढणारी गुरगुर हा वेगळाच प्रकार आहे आणि तिथे टायर आणि बेअरिंग यांची नेहमी गल्लत होते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६०च्या वेगाने गाडी हलकेच डावी-उजवी करून पाहावी. बेअरिंग खराब असेल तर भार एका बाजूला गेला की आवाज वाढतो आणि दुसऱ्या बाजूला गेला की कमी होतो. सिमेंटचा रस्ता संपून डांबरी लागताच आवाज बदलत असेल तर तो टायरचा आहे.

हवा बरोबर करूनही कमरेचा त्रास राहिला, तर माझा सल्ला दुकानदारांना न आवडणारा आहे : जुने १५ इंची रिम माळ्यावर असतील तर ते उतरवून पुन्हा बसवावेत आणि मूळ मापाचे टायर घ्यावेत. तेही विकून टाकले असतील, तर आहे त्या मापातलाच मऊ जातीचा टायर घेण्यावाचून इलाज नाही. १९५/६० आर १६ सारखा जाड टायर बसवून भरपाई करता येते असे कोणी सांगेल. पण त्याने व्यास सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो, आणि डिकी भरलेली असताना खड्ड्यात चाक वर गेले की तो मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासण्याचा संभव आहे.

प्रश्न : महिन्यापूर्वी चारही टायर नवे घातले. तेव्हापासून ताशी ८० ते १०० या वेगात स्टिअरिंग थरथरते, त्याहून वेग वाढवला की कमी होते. बॅलन्सिंग दोनदा केले, अलाइनमेंट एकदा. दुकानदार म्हणतात की टायर ‘सेट’ व्हायला वेळ लागेल.
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : नव्या टायरला पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड येण्यासाठी जपून चालवावे हे खरे, पण थरथर म्हणजे ‘सेट’ होणे नव्हे आणि ती आपोआप जात नाही. अलाइनमेंटचा आणि या थरथरीचा संबंध नाही, तेव्हा त्यावर पुन्हा पैसे घालवू नयेत. १५ इंची चाक ताशी ९० च्या वेगाने सेकंदाला सुमारे १३ फेरे घेते. एका बाजूला थोडेसे वजन जास्त असले तर ते प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देते, आणि या धक्क्यांची गती स्टिअरिंगच्या जोडणीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की तेवढ्याच वेगाच्या टप्प्यात ते हातात जाणवते. म्हणून लक्षण बॅलन्सिंगचेच आहे, मात्र मूळ कारण बॅलन्सिंगच्या यंत्राला दिसेलच असे नाही.

आपल्या भागात एक साधे कारण फार वेळा सापडते. उसाच्या ट्रॉल्यांनी चिखल केलेल्या रस्त्यावरून किंवा शेताच्या वाटेने गाडी गेली की काळी माती रिमच्या आतल्या अंगाला चिकटते आणि वाळून वीटेसारखी होते. बाहेरून चाक स्वच्छ दिसते. बॅलन्सिंग करणाऱ्याने ती न खरवडता शिशाची वजने लावली तर मातीचा पहिला खपला पडताच सगळा हिशेब चुकतो. त्यामुळे तिसऱ्यांदा जाताना रिम आतून धुऊन न्यावेत. नंतर यंत्रावर चाक फिरत असताना शिशाच्या आकड्याकडे न पाहता रिमच्या कडेकडे पाहावे : ती वरखाली किंवा आतबाहेर नाचत असेल तर रिम वाकले आहे आणि त्याला कितीही वजने लावली तरी उपयोग नाही. रिम सरळ असून रबरच उंचसखल फिरत असेल तर टायर रिमवर नीट बसलेला नाही किंवा टायरच सदोष आहे. पहिल्या प्रकारात हवा काढून, कडेला साबणाचे पाणी लावून, टायर रिमवर थोडा फिरवून पुन्हा बसवतात. दुसऱ्या प्रकारात टायर बदलून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. महिनाच झाला असल्यामुळे बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन जावे आणि ‘सेट होईल’ या उत्तरावर परतू नये.

हबच्या, म्हणजे रिम ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावर गंज असेल तर तो तारेच्या ब्रशने साफ करून घ्यावा, आणि नट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत. एवढे करूनही फरक पडला नाही तर पुढची चाके मागे टाकून पाहावीत. थरथर स्टिअरिंगमधून जाऊन सीटखाली आली तर दोष त्या चाकांतच आहे. हललीच नाही तर पुढच्या जोडण्यांत आहे. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर मात्र डिस्ककडे पाहावे, टायरला दोष देऊ नये.

प्रश्न : पुढचे दोन टायर पार गोटा झाले आहेत, मागचे निम्मे शिल्लक आहेत. चारही घेण्याची सध्या ऐपत नाही. दोन नवे घेऊन पुढे टाकावेत, की चांगले सेकंड हॅन्ड चार घ्यावेत?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन नवे घ्यावेत, पण ते मागे बसवावेत आणि मागचे निम्मे झिजलेले पुढे आणावेत. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, वळते आणि ब्रेकचा बहुतेक भारही पुढेच येतो, मग नवे टायर पुढेच हवेत असे कोणालाही वाटेल. पण भर पावसात आंबा घाटातल्या वळणावर रस्त्यावरून पाणी वाहत असताना पुढची चाके घसरली तर गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. पाय हलकेच काढून वेग उतरवला की ती बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि तिला सावरणे निष्णात चालकालाही कठीण जाते. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती ३ च्या खाली गेली की पाणी बाजूला सारण्याची ताकद झपाट्याने कमी होते. नक्षीच्या खोबणीत जी लहान उंच गाठ असते ती १.६ मिलिमीटरची शेवटची खूण आहे. कोकणातल्या पावसात तिथपर्यंत वाट पाहणे मला धाडसाचे वाटते. तेव्हा पुढे आणायच्या टायरांची खोली आधी मोजून घ्यावी.

सेकंड हॅन्डचा विचार सोडून द्यावा. त्यांतले कितीतरी टायर गोटा झाल्यावर यंत्राने पुन्हा खाचा पाडलेले असतात. नक्षी खोल दिसते, पण खाचेखाली रबराचा थर कागदासारखा उरलेला असतो.

प्रश्न : खड्ड्यात आदळल्यानंतर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला आहे. हवा जात नाही. आत ट्यूब टाकून चालवता येईल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. फुगा दिसतो तिथे आतले धागे तुटलेले असतात आणि हवा केवळ बाहेरच्या रबराच्या जोरावर थोपवलेली असते. ट्यूब टाकल्याने धागे जुळत नाहीत. आजच स्टेपनी बसवावी. त्या चाकाचे रिमही वाकले आहे का हे पाहून घ्यावे.

प्रश्न : अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे ओढते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून डाव्या कडेला उतरते असतात, त्यामुळे हात सोडल्यावर थोडी डावीकडे गेली तर तो दोष नव्हे. ओढ जास्त असेल तर आधी चारही टायरांतील हवा सारखी करावी, मग पुढचे दोन टायर आपापसात बदलून त्याच रस्त्यावर जावे. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल करू नये. ओढ उजवीकडे गेली किंवा नाहीशी झाली तर दोष टायरच्या बांधणीत आहे. तरीही डावीकडेच राहिली तर गाडी थोडी चालवून दोन्ही पुढच्या रिमजवळ हाताचा पंजा न टेकवता न्यावा. डावे चाक जास्त तापलेले लागले तर ब्रेक चिकटतो आहे.

प्रश्न : नऊ वर्षांच्या गाडीतली स्टेपनी एकदाही वापरलेली नाही, नक्षी कोरी आहे. ती चौथा टायर म्हणून वापरून तीनच नवे घेतले तर चालेल का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : चालणार नाही. रबर न धावताही कडक होते, आणि अकोल्याच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या डिकीत तर लवकरच. नखाने साइडवॉल दाबून पाहा, बारीक चिरा दिसतील. चार नवे घ्यावेत आणि उतरवलेल्या चारांपैकी ज्याची तारीख सर्वांत अलीकडची आणि बाजू सर्वांत सुस्थितीतली असेल, तो जवळच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरता स्टेपनीत ठेवावा. पण तेही नऊच वर्षांचे मूळ टायर असतील, तर पाचवा टायरही नवाच घ्यावा लागेल.